दसऱ्याला बंद ठेवलेला कॉम्प्युटर

शेठ पुण्याहून परतले ते हवेतच. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी पाहिलं होतं म्हणे, की प्रोग्राममध्ये फेरफार केला की कॉम्प्युटर तो आपला आपणच तपासून घेतो. "त्याच्यासाठी मानूस बसवायची बिलकुल गरज न्हाई," ते म्हणाले आणि मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. कारण ते बसवलेलं माणूस म्हणजे मीच होते.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटरवर होते. आमच्या प्रोग्रामचं काम एकच, पण जोखमीचं. प्रयोगशाळेनं बियाण्याच्या ज्या लॉटची उगवण कमी सांगितली, त्याला गोदामाबाहेर जायचा गेटपास द्यायचा नाही. औरंगाबादचा प्रोग्रामर येऊन त्यात काहीबाही बदलून जायचा, आणि मग मी खोटे लॉट भरून बघत बसायचे. चांगला सुटतो का, वाईट अडतो का, निकाल न आलेला अडतो का. खरं सांगायचं तर मला या कामाचा भयंकर कंटाळा होता. दुपारच्या चहानंतर डोळे पडद्यावर असायचे आणि मन मस्तगडच्या बाजारातल्या दुकानांत. तरी नोकरी जाणार म्हटल्यावर मी लगेच शंका काढली.

"शेठ, पण काय काय तपासायचं ते त्याला कोण सांगनार?"

"तूच सांग ना. तुला तर सगळं पाठ हाये."

म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! मी भरायचे ते सगळे खोटे लॉट प्रोग्रामरला सांगितले, त्यानं ते मशीनला शिकवले. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मशीन ते स्वतः भरून बघायचं आणि पडद्यावर हिरवी पट्टी यायची, 'सगळं बरोबर'. डबा खाता खाता मी त्या पट्टीकडे बघायचे. मशीन कंटाळत नव्हतं, चहाला उठत नव्हतं. मला त्याचा राग यायचा. आणि हिरवं दिसलं की शेठ पुढं काही विचारतच नसत, त्याची धास्ती वाटायची ती वेगळीच.

या धास्तीला घरचं कारण होतं. माझे वडील कुंभार पिंपळगावला शेती करायचे. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून, मोड डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पेरत नसत, मग बियाणं घरचं असो की विकतचं. आमच्या कंपनीच्या पिशवीवर छापलेलं सगळं वाचून झालं की म्हणायचे, "असंल बा," आणि फडकं भिजवायला घ्यायचे. लेक त्याच कंपनीत, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी प्रोग्रामरनं एक बदल केला. हरभऱ्याचा हंगाम तोंडावर होता, प्रयोगशाळेला आकडे भराभर भरता यावेत म्हणून. शेठ म्हणाले, "उद्या दुपारी मशीन तपासंलच. परवा माल काढू."

दसऱ्याला आम्ही फक्त पूजेपुरते जमलो. वजनकाट्याला, पोती शिवायच्या मशीनला, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या. शेठनी स्वतः कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, वर आपट्याची पानं ठेवली. "आज यंत्राला आराम. कोनी हात लावायचा न्हाई," म्हणाले आणि मेन स्विच बंद करायला लावला. आम्ही सगळ्यांनी मनापासून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामापुढे ट्रक लागला होता, हमाल पोती चढवत होते. माल माझ्याच गावच्या बाजाराला जाणार होता. कॉम्प्युटर सुरू केला तर हिरवी पट्टी. गेटपास काढायला बसले, कीबोर्डवरच्या झेंडूच्या पाकळ्या झटकल्या आणि हात तिथंच थांबला. काल तर हे बंद होतं. मग ही पट्टी कधीची? कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. परवाच्या दुपारची, बदल करायच्या आधीची.

मी पळतच शेठकडे गेले. "ट्रक थांबवा. नवीन बदल तपासलाच न्हाई कोनी."

"हिरवं दिसून राह्यलं ना?"

"ते जुनं हाये, शेठ. काल मशीन बंद होतं."

शेठनी चष्मा काढला. "पोरी, मशीन आलं तवापासून तू त्याच्या चुका हुडकून राह्यली. नोकरी वाचवायची, बराबर?"

मला झोंबलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. "नोकरी घ्या तुमची," मी म्हणाले. आवाज नको तेवढा चढला होता. "पन आधी ट्रक थांबवा."

हमाल सावलीला बसले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मशीनला तपासायला लावून मी उठत होते, बसत होते. हिरवं आलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पट्टी लाल झाली. ज्या लॉटच्या उगवणीचा रकानाच रिकामा होता, त्याला नव्या बदलामुळे गेटपास मिळत होता. प्रयोगशाळाही दसऱ्याला बंद होती, आणि ट्रकमधल्या दोन लॉटचे निकाल अजून आलेच नव्हते. मशीननं चूक झटक्यात पकडली. त्याला दोष द्यायला जागाच नव्हती, आम्हीच त्याला हार घालून झोपवलं होतं.

"पोती उतरवा, जल्दी," शेठ म्हणाले. जाता जाता माझ्याकडे न बघता बोलले, "रोज ती तारीख वाचून मला सांगत जा." माझी नोकरी राहिली. त्या दोन लॉटपैकी एक पुढं उगवणीत नापास झाला, दुसऱ्याचा माल गावाकडे गेला.

तो माल गेल्यानंतरच्या रविवारी मी गावी गेले. वडील रानात पेरणीची तिफण जुंपत होते, बांधावर आमच्याच कंपनीच्या पिशव्या. खोपीच्या खुंटीवर फडकं कोरडं ठाक.

"बाबा, दाने भिजवले न्हाई?"

"आता कशापायी?" ते हसले. साऱ्या गावाला सांगून झालं असावं, असं ते हसणं होतं. "तुमच्यात मशीन तपासून राह्यलं म्हने. आन मशीनवर माझी लेक. मंग फडकं कशाला?"

थांबा म्हणायला माझं तोंड उघडलं, पण रानातली ओल उडत चालली होती आणि त्यांनी बैलांना हाक दिलीही होती. मी पिशवीतून मूठभर दाणे काढले, फडक्यात बांधून भिजवले आणि ती ओली पुरचुंडी मांडीवर घेऊन बसनं जालन्याला आले.