बाईंचा बाक

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आज एक म्हातारा हातात रिपोर्ट धरून रिकाम्या बाकाकडे बघत उभा होता. आमच्या इंग्रजीच्या बाई निवृत्तीनंतर वीस वर्षं त्याच बाकावर बसून लोकांना रिपोर्ट मराठीत समजावून सांगायच्या. ऐंशीव्या वर्षी, गेल्या महिन्यात त्या गेल्या. रिपोर्ट चांगला असला तर लगेच सांगायच्या. वाईट असला की आधी विचारायच्या, "जेवलात का?" उपाशी माणसाला त्यांनी कधी वाईट बातमी दिली नाही. जन्मभर शिकवलेलं इंग्रजी शेवटी या कामी आलं.

मी म्हाताऱ्याच्या हातातला कागद घेऊन वाचला.

"जेवलात का, काका?"

तो हळूहळू बाकावर बसला.

"बायकोचा आहे," तो म्हणाला. "मागच्या खेपेला बाईंनी जेवणाचं विचारलं नव्हतं."