हवेतलं चाक

गल्लीत त्याला सगळे तारकाका म्हणायचे. छत्रीची काडी, बादलीची कडी, कुणाच्या चष्म्याची दांडी, जे मोडेल ते तारेनं बांधून पुन्हा चालतं करायचं, हा त्याचा हातखंडा. पोटापाण्याला दारं-खिडक्या रंगवायचा, पण जीव सगळा त्या तारांच्या डब्यात. बायकोलाही सुरुवातीला केवढं कौतुक होतं. पुढे घरातली कुठलीही वस्तू धरली की तारेच्या टोकांनी तिची बोटं ओरखडू लागली आणि कौतुक ओसरलं.

ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला. जाताना सायकलवरून मोठा उतार उतरायचा, येताना सायकल ढकलत तोच चढायचा. मागच्या ब्रेकनं केव्हाच मान टाकली होती. एक दिवस पुढच्याची वायर मुठीपाशी तुटली, तेव्हा ती स्वतःच दुकानातून नवी घेऊन आली. तारकाकानं ती उलटसुलट करून पाहिली आणि डब्यात ठेवून दिली.

"जुनीलाच गाठ मारून देतो. नवी असू दे, अडीअडचणीला लागेल."

"अहो, याहून आणखी कसली अडचण यायची?"

त्यानं जुन्या वायरीची टोकं जुळवली. गाठ मारली, वरून तारेचे वेढे दिले, सायकल उचलून पुढचं चाक हवेत गरगर फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागीच थांबलं.

"बघ," तो म्हणाला.

तपासायची त्याची पद्धत हीच. हवेत कुठलंही चाक थांबतं, वर माणूस बसलेलं नसतं ना. हे तिलाही कळत होतं. पण कामाची वेळ झाली होती आणि त्याच्या कारागिरीवर शंका घेतली की घरात अबोला ठरलेला. ती बसली आणि निघाली.

उताराच्या मध्यावर हातगाडी आडवी आली. तिनं जीव खाऊन ब्रेक दाबला आणि गाठ सुटली. त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, नवऱ्याचा संताप आला. मांडीचं हाड मोडलं. पाय आखूडच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. धोबीखान्यात तिच्या जागी दुसरी बाई आली.

तो तिच्या उशाशी बसून रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. भांडी घासली, तिचे केस विंचरले. मग एक दिवस बाहेरून ठोकाठोकी ऐकू येऊ लागली.

संध्याकाळी त्यानं त्याच सायकलच्या नळ्या कापून केलेला वॉकर खाटेपाशी आणला.

"दुकानात असा मजबूत मिळायचा नाही," म्हणाला आणि दोन्ही हातांनी उचलून हवेत गदागदा हलवून दाखवला. एकही सांधा हलला नाही.

तिनं सांधे जवळून पाहिले. सगळे कोऱ्या, चकचकीत वायरीनं आवळलेले. ती वायर तिनंच आणलेली होती.

"खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि आधी तुम्ही वजन टाका त्याच्यावर."

तो हसला. वॉकर खाली ठेवून त्यानं वरच्या नळीवर दोन्ही तळवे टेकले, जरासा वाकला. मग पुरता भार टाकण्याआधीच हळूच हात काढून घेतले.

ती भिंत धरून उठू लागली.