गाण्यातला बांगडा

"रवांदे!" म्हणताना तो माशी हाकलावी तसा हात झटकायचा. रवांदे म्हणजे राहू दे. सूर किंचित हलला, रवांदे. खालून टेम्पोचा भोंगा आला, रवांदे. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. पटवायला जावं तर आपलंच डोकं उठतं.

लालबागच्या आमच्या चाळीत तो शेजारच्या खोलीत राहायचा. आठवडाभर माझगावला गोदीत नोकरी आणि रविवारी दुपारी गाणं. स्वतःच लिहायचं, मालवणीत, स्वतःच गायचं, लॅपटॉपवर स्वतःच रेकॉर्ड करायचं. दाराला आतून गोधडी टांगली की स्टुडिओ तयार. त्या तासाभरात अख्खा मजला कुकर लावत नसे.

आता चाळीत दार वाजवून आत जायची पद्धत नाही. एका रविवारी माझी आई ताटली घेऊन, दार ढकलून, गोधडीतून थेट आत शिरली. "मेल्या, दार कित्याक लावलंस? बांगडो गरम आसा तवसर खा!" कित्याक म्हणजे कशाला.

गाणं नेमकं रंगात आलं होतं आणि आईचं वाक्य त्यात रेकॉर्ड झालं. आईनं जीभ चावली. त्यानं बांगडा खात खात सगळं पुन्हा ऐकलं आणि हात झटकला. "रवांदे, काकी. आता ह्या गाणा पुरा झाला."

त्यानं ते तसंच नेटवर टाकलं. दादरच्या छोट्या कार्यक्रमांत लोक आईचं वाक्य कोरसमध्ये म्हणू लागले. मग एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. गाणं घेतो म्हणाला, फक्त शब्द हिंदीत करा आणि बाईचा आवाज काढून टाका. हा सरळ नाही म्हणाला.

मी जाम चिडलो. "लक्ष्मी दारात आली आणि तू लाथ मारतोस?"

"अरे, गिरणीच्या फाटकावर शाहीर डफ घेऊन उभे राहायचे, ते कुठल्या कंपनीचे होते?" तो म्हणाला. "परदेशातल्या पोरांनीही घरी कॅसेटी भरल्या, हातानं वाटल्या. इंडी इंडी म्हणतात, म्हणजे कंपनीशिवाय स्वतंत्र, ते हेच. ताल कुठलाही असू दे, शेवटचा शब्द माझा. काकीचा आवाज काढला, तर ते गाणं माझं कसं राहील?"

मी त्याला खुळा म्हणालो. तो शब्द मला अजून टोचतो.

गेल्या मे महिन्यात त्याचं हृदय बंद पडलं. पन्नाशीही गाठली नव्हती. शिवाजी पार्कजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये मित्रांनी शोकसभा ठेवली. गाणं लावायच्या आधी साउंड सांभाळणारा पोरगा माझ्या कानाशी आला. "काका, तो बांगडा तेवढा कापू का? गंभीर प्रसंग आहे, लोक हसतील."

माझा हात आपोआप झटकला गेला. "रवांदे. हसू देत."

गाणं तिथवर आलं आणि अख्खा हॉल ओरडला, "दार कित्याक लावलंस?" कोणीही हसलं नाही. पहिल्या रांगेत आई बसली होती. ती काठी टेकत उठली, हॉलच्या मागच्या बंद दारापर्यंत गेली आणि तिनं ते सताड उघडून ठेवलं.