येते

मास्तरीणबाईंच्या नाकावर कायम राग. परमुलखातून आलेल्या बायका इथं रुळाव्यात म्हणून जुन्या सरकारनं वाचनालयाच्या मागच्या खोलीत भाषेचा वर्ग काढला होता, तो त्या चालवायच्या. एका चुकीवर मात्र त्या हमखास भडकायच्या. वर्ग सुटला की बायका म्हणायच्या, "जाते."

"जाते काय? परत यायचं नाही का? 'येते' म्हणावं. मग घरचं माणूस म्हणतं, 'ये'."

भाजीच्या गाड्यावर काम करणारी एक जण तरीही रोज हसत "जाते"च म्हणायची. तिच्यापुढे बाईंनी हात टेकले होते.

मग सरकार बदललं. आधी वर्गाला कुलूप लागलं, मागोमाग या लोकांना परत पाठवायचा हुकूम निघाला. बाईंनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, साहेबांपुढे पदर पसरला. जो तो वरच्याकडे बोट दाखवी. शेवटी नवराही म्हणाला, "आता पुरे कर. उद्या आपल्या दारात येतील."

आज मैदानात बस उभी होती. पोलिसाला ढकलून बाईंनी खिडकी गाठली. आत ती भाजीवाली, मांडीवर झोपलेली लेक. बस हलली तशी ती बाहेर वाकली आणि जपून, सावकाश म्हणाली, "बाई, येते."

पहिल्यांदाच बरोबर म्हणाली. उत्तर एका अक्षराचं होतं, बाईंनीच शिकवलेलं. पण आता कुणाच्या भरवशावर त्या तिला 'ये' म्हणणार होत्या?