आठ नंबरचा बूट

"तोंड राहू दे, तळ दाखव," असं टाकेकाका दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे. गिऱ्हाईक बूट पुढे करून काय झालं ते सांगू लागायचं, तोवर काकांनी बूट उलटा करून तळावरून अंगठा फिरवलेला असायचा. मग ते त्या माणसाला त्याच्याच चालण्याची हकीकत ऐकवायचे. "तुम्ही ओझं उजव्या खांद्यावर घेता." "तुमच्या जिन्याची एक पायरी उंच आहे." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. नाही निघालं तर म्हणायचे, "घरी जाऊन नीट बघा." चुकलो असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझं सायकलचं दुकान त्यांच्या समोरच होतं, म्हणजे ऐकण्यात माझी काही कसूर नव्हती.

त्यांचं दुकान म्हणजे दोन माणसं बसली तर तिसऱ्याने दारात उभं राहावं एवढं. एक लाकडी बाक, बूट उलटा अडकवायचा लोखंडी साचा, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि भिंतीवर काचेच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचे एकतीस वर्षांचे एकतीस फोटो. काकांना मूलबाळ नव्हतं. कुणी विचारलं तर काकू भिंतीकडे बोट दाखवायच्या. "आहेत की. दरवर्षी अकरा. राखीव वेगळे."

संघाचे जुने मॅनेजर होते तेव्हा दर गुरुवारी सरावानंतर सगळा संघ या बाकावर यायचा. दोघे आत, बाकीचे रस्त्यावर. काका एकेकाचा पाय मांडीवर घेऊन बोटं दाबायचे, घोटा फिरवायचे आणि मग बुटाला हात लावायचे. कोण दुखणं लपवतोय, कोण घरी भांडून आलाय, सगळं त्या बाकावर कळायचं आणि तिथून जुन्या मॅनेजरांच्या कानावर जायचं. ते गृहस्थ मैदानात शिव्या द्यायचे, हरलं की रडायचे आणि जिंकलं की गोलकीपरला उचलून घ्यायचे. संघ कधी वर गेला नाही, पण खालीही आला नाही.

मग नवे आले. हे ओरडत नव्हते. खरं म्हणजे बोलतच नव्हते. सकाळी फळ्यावर एक चिठ्ठी लागायची, कोण कुठे खेळणार आणि कुणी किती धावायचं. संध्याकाळी दुसरी. का, हे चिठ्ठीत नसायचं. आठवड्याभरात गावाने त्यांचं नाव चिठ्ठीसाहेब ठेवलं. त्यांनी सरावाचं फाटक बघ्यांना बंद केलं, सगळ्या खेळाडूंना एकाच जातीचे काळे नवे बूट आणले आणि दुरुस्तीचे बूट गोणीत घालून सामानवाल्याच्या हाती पाठवायला लावले. प्रत्येक जोडाला दोऱ्याने नंबराचा बिल्ला बांधलेला. गुरुवारी बाक रिकामा राहू लागला.

"बूट येतात, पाय येत नाहीत," काका काकूंना म्हणाले. "हा काय कारभार झाला? पोरांशी बोलायला यांची जीभ झिजते का?"

"तुम्ही दोघांच्या वाटचं बोलता ना, मग झालं," काकू म्हणाल्या. "आणि जेवायला या. संघ जेवला असेल."

"अगं, चार सामन्यांत एक जिंकलाय!"

"मग त्यांना वाढू का?"

काका हसले नाहीत. मोसम संपत आला होता आणि शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता. शिवाय कॅप्टनचा तो शेवटचा सामना होता. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गावी कामाला जाणार होता. त्याचे पहिले बूट काकांनी दुसऱ्याच्या जुन्या बुटांतून बेतून दिले होते, तेव्हा तो कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारत असे. त्याच्या पाठीवर नऊ वर्षं आठ नंबर होता.

त्या शेवटच्या गुरुवारी गोणी आली. काकांनी आठचा बिल्ला लावलेला जोड काढला, उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. डाव्या तळाची बाहेरची कड तीन आठवड्यांत खाल्ल्यासारखी झिजली होती. टाचेत चिंधीची घडी दडवलेली होती. घोटा दुखावलेला माणूस असाच चालतो आणि अशीच चिंधी घालतो.

काका तसेच उठले. चामडं कापायची रापी हातातच होती, ती मी त्यांच्या हातून काढून घेतली. फाटकावरच्या राखणदाराने अडवलं, तर त्याला म्हणाले, "तुझ्या लग्नातले बूट कुणी शिवले?" फाटक उघडलं.

चिठ्ठीसाहेब कपाटाएवढ्या खोलीत कागद मांडून बसले होते. पुढचं बोलणं काकांनीच मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं.

"कॅप्टनचा डावा घोटा गेलाय, साहेब. रविवारी खेळवलात तर पोरगं कायमचं लंगडं होईल."

"कशावरून?"

"बुटावरून. एकतीस वर्षं तळ बघतोय मी."

"मी त्याला विचारतो."

"विचारू नका! तो नाहीच म्हणणार. त्याचं ऐकू नका, माझं ऐका. कुणाचं तरी ऐकत जा."

साहेब म्हणाले, "बरं." एवढंच.

काका धुसफुसत परतले. भिंतीशी बोलून आलो म्हणाले.

रविवारी दुपारी काका, काकू आणि मी नेहमीसारखे डाव्या गोलामागच्या कुंपणाशी उभे होतो. संघ बाहेर आला आणि लोकांत गलका उठला. कॅप्टन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता. अंगात कोट, चेहरा उतरलेला. "चिठ्ठीसाहेब, चष्मा घाला!" कुणीतरी ओरडलं. काकांचे खांदे सैल झाले होते. त्यांचं ऐकलं गेलं होतं. मला हळूच म्हणाले, "माणूस अगदीच दगड नाही."

दुसऱ्या अर्ध्यात आमचा डावा बॅक लंगडू लागला. हा नवा, लाजरा खेळाडू, मोसमाच्या मध्यावर आलेला. आधी हळू, मग उघड. त्याच्या डाव्या पायाकडे काकांचं लक्ष गेलं आणि त्यांनी कुंपणाची तार घट्ट धरली. पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं. पाच मिनिटांनी समोरचा गडी त्याच्या बाजूने निसटला आणि चेंडू जाळ्यात गेला. तो एकच गोल. शिट्टी वाजली तेव्हा आम्ही खालच्या गटात होतो.

सामानवाला गोण्या ओढत कुंपणापाशी आला, तसे काका त्याला म्हणाले, "आठ नंबर कुणाचा रे?"

"जर्सीचा कॅप्टनचा. बिल्ल्याचा म्हणाल तर बूट टांगायच्या खुंटीचा नंबर तो. आठवी खुंटी डाव्या बॅकची. साहेबांनी खुंट्या वाटून दिल्यात ना." मग त्यांचा चेहरा पाहून म्हणाला, "दोघांचं माप एकच आहे, काका."

काकूंनी त्यांचा दंड धरला.

तिकडे खेळाडूंच्या खोलीबाहेर शंभरेक माणसांनी चिठ्ठीसाहेबांना घेरलं होतं. "कॅप्टनला का बसवलं ते बोला! आज तरी तोंड उघडा!" साहेब उभे होते. कॅप्टनही मागे पायरीवर उभा राहून तेच ऐकत होता. साहेबांनी एकदाच सांगितलं, "निर्णय माझा होता."

काका गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर गेले. आम्ही मागे.

"माझं नाव का घेत नाही तुम्ही?"

"घेणार नाही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही घरी जा."

"हेच! हेच तुमचं चुकतं, साहेब. तोंडाने सांगत चला काहीतरी. बिल्ल्यावर खुंटीचा नंबर आहे एवढं सांगितलं असतंत, तर हे झालं नसतं."

"तुम्ही नंबर बोललाच नाहीत. कॅप्टन म्हणालात. आणि त्याला विचारू दिलं नाहीत."



"नाही दिलं," काका म्हणाले. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ऐका रे. कॅप्टन जायबंदी आहे असं यांना मी सांगितलं. बूट बघून सांगितलं. माझं चुकलं. त्यांना शिव्या द्यायच्या तर हरल्याच्या द्या, याच्या देऊ नका."

कुणीतरी म्हणालं, "अहो काका, हे काय केलंत!" दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प बसवलं. कॅप्टन पायरीवरून वळला आणि मैदानाकडे चालू लागला.

"अहो, आत्ता नका जाऊ," काकू म्हणाल्या. "जरा शांत होऊ द्या त्याला."

"शांत झाल्यावर तो 'जाऊ द्या काका' म्हणेल. मला ते नकोय."

त्यांनी टोपी काढून काकूंच्या हातात दिली आणि कॅप्टनच्या मागे निघाले. गुडघे दुखायचे त्यांचे, त्यामुळे अंतर कमी होत नव्हतं. कॅप्टन मधल्या वर्तुळापर्यंत पोचला तेव्हा काका अजून कडेच्या पांढऱ्या रेघेवर होते. माणसं पांगू लागली. काकू, सामानवाला आणि मी तिथेच उभे राहिलो, आणि आमच्यापासून चार हातांवर चिठ्ठीसाहेब, खिशात हात घालून, ते दोघं पलीकडच्या गोलापर्यंत जाईतो बघत राहिले.