अर्ध्या मापाची वीस काडतुसं

माझ्या दादाला क्लबात सगळे ‘अर्धमाप’ म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचाराल तर मीच. एकदा चिडून चारचौघांत बोलून गेले आणि ते त्याला चिकटलं. आता नव्या सभासदांना ते त्याचं आडनाव वाटतं. दादाला त्याचं काही नाही. दादाला कशाचंच काही नसतं, एक रायफल सोडली तर.

चाळीस वर्षं त्याने घड्याळं दुरुस्त केली. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी त्याच्याकडे राहायला आले, त्याला आता पंधरा वर्षं होतील. या पंधरा वर्षांत त्याने मला ‘जेवलीस का’ असं मोजून चार वेळा विचारलं असेल, पण त्या रायफलीला तेलाचं फडकं लागल्याशिवाय एक रविवार गेला नाही. ती आमच्या वडिलांची. वडिलांनाही जुनीच मिळालेली, म्हणजे वय शंभराच्या पुढे. तिचं पोलाद मऊ आहे, तिला आजकालची जोरकस काडतुसं झेपत नाहीत. म्हणून दादा परवाना काढून, रीतसर, घरीच काडतुसं भरतो. पितळी पुंगळीत नेहमीच्या निम्म्याहून कमी दारू आणि वर शिशाची मऊ गोळी. त्याने नळी झिजत नाही, सांधे ढिले होत नाहीत. वडील जाताना म्हणाले होते, “हिला भिंतीवर टांगू नकोस, चालती ठेव.” माझ्याबद्दलही काहीतरी म्हणाले असतील, पण दादाच्या तेवढंच लक्षात राहिलं.

इतक्या कमी जोराची गोळी अर्थातच खाली लागते. मग हा गृहस्थ नेम धरतो लक्ष्याच्या वीतभर वर, आणि मागे बसलेली तरणी मंडळी एकमेकांना कोपरं मारत हसतात. तरी जुन्या हत्यारांच्या वार्षिक सामन्यात, गेली दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी पहिल्या पाचांत याचा नंबर असायचाच. ते असो.

माझ्या डोक्याला ताप होता तो भरण्याचा. दारू एवढीशी, पुंगळी मोठी. एका पुंगळीत चुकून दोनदा माप पडलं तरी बाहेर सांडत नाही, गुपचूप आत बसतं. आणि तसलं काडतूस त्या म्हातारीत उडालं तर ती फुटणार, आणि तिच्या मागे गाल टेकून बसलेल्याचं तोंड जागेवर राहणार नाही. हे मला दादानेच समजावलं, पहिल्याच आठवड्यात, शाळेतल्या मास्तरासारखं. त्यामुळे तो भरायला बसला की घरात कुणी बोलायचं नाही. आणि बोललंच, तर तो मान वर करून माझ्याकडे असा बघणार की मी त्याच्या पोटावर पाय दिलाय. मग झालेली सगळी काडतुसं तो फोडणार. एक प्लास्टिकचा पोकळ हातोडा असतो, त्यात काडतूस अडकवायचं आणि फरशीवर ठाण ठाण आपटायचं, म्हणजे गोळी सुटते. वीस काडतुसं, वीस वेळा ठाण ठाण, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मला नुसती शिंक आली होती. शिंकेलाही फोडली त्याने.

मागच्या महिन्यात मात्र माझा संयम सुटला. जेवण दोनदा गरम करून झालं होतं, तिसऱ्यांदा करायला गेले तर आतून ठाण ठाण. मी दारात उभी राहून त्याला काय काय बोलले ते आता सांगायची लाज वाटते. तू माणसांत राहायच्या लायकीचा नाहीस म्हणाले. पुन्हा हे फोडायला बसलास तर मी पिशवी भरून लेकीकडे निघून जाईन म्हणाले. दादाने हातोडा खाली ठेवला आणि मुकाट्याने जेवायला आला.

परवा तो सामन्यासाठी भरत बसला होता. दारात सिलिंडरवाला आला, पुस्तक मागायला लागला. ते पुस्तक दादाच्याच खोलीत. मी जीव मुठीत धरून आत गेले आणि विचारलं, “पुस्तक कुठंय?” त्याने बोटाने कपाट दाखवलं आणि भरत राहिला. बघितलं नाही, फोडलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, सुधारला एकदाचा.

काल सामना. क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, याचा नंबर सहावा. वेळ जात नव्हता म्हणून मी सहज म्हटलं, “परवा मी मध्येच बोलले, तरी काही चुकलं नाही ना तुझं?”

“नाही. टॉर्च मारून सगळ्या पुंगळ्या बघितल्या. शिवाय दारूचा डबा आधी आणि नंतर तोलला. बरोबर वीस मापं कमी झालीत.”

 मग मला ते डबा तोलणं टोचायला लागलं. पंधरा वर्षांत या माणसाने कधी डबा तोलला नव्हता. टॉर्चने बघितलं की त्याचं समाधान व्हायचं.

“एकीत दोनदा पडली आणि दुसरीत पडलीच नाही, तरी वीसच होणार ना रे?”

“तसं होत नाही.”

“होत नाही म्हणजे? मग आजवर काय माझी हौस म्हणून फोडत होतास?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. फोड ती.”

“आता? नंबर लागेल माझा.” तो उठलाच.  मी त्याच्या हातातला काडतुसांचा डबा ओढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकून चेन लावली. सत्तरीचा भाऊ आणि पासष्टीची बहीण, अख्ख्या क्लबासमोर एका पर्ससाठी ओढाताण करतायत. तरणी मंडळी या वेळी हसायलाही विसरली. शेवटी सेक्रेटरी आले. सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “काडतुसाबद्दल कुणालाही शंका आली, तर इथे ते उडत नाही. चला ऑफिसात.”

ऑफिसात सेक्रेटरींनी स्वतः हातोडा घेतला. दादा काडतुसं क्रमाने ठेवतो, तेवढी घड्याळजीची सवय अजून आहे. एक ते बारा अगदी बरोबर निघाली, प्रत्येकातून तेवढीच काळी चिमूट कागदावर पडली. मी मनात म्हणत होते, फजिती झाली माझी, आता वर्षभर ऐकून घ्यावं लागणार. तेरावं फोडलं तर कागदावर केवढा तरी ढीग. चौदाव्यातून नुसती गोळी निघाली, आत काहीच नव्हतं. तोंडाने मोजताना तो चौदावर गेला असणार आणि हात तेराव्या पुंगळीवरच राहिला असणार. त्याच वेळी मी सिलिंडरचं पुस्तक विचारत असणार.

सेक्रेटरींनी उरलेली सहाही फोडली. मग “मी चहाचं सांगतो” म्हणून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

आता मी त्याला फाडून खाणार होते. शब्द तयार होते माझ्याकडे. “टॉर्च मारलीस म्हणालास ना? मग दिसलं कसं नाही?”

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. “टॉर्च मारली की मला नुसता पांढरा उजेड दिसतो,” तो म्हणाला. “आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून परवा डबा तोलला.”

“कधीपासून दिसत नाही?”

“दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं तू न बघता भरतोयस?”

“कुणी मध्ये बोललं तर फोडत होतो ना सगळी. आता तेही तू...” तो तिथेच थांबला. मला दोष द्यायचा नव्हता त्याला, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि त्यानेच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दादा, डॉक्टरकडे का नाही गेलास? मोतीबिंदूच असेल, दुसरं काय?”

“परवान्याच्या नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागतो. डॉक्टरने लिहून दिलं असतं की दिसत नाही, तर रायफल जमा करावी लागली असती.” मग त्याने कागदावरचा तो ढीग बोटाने चाचपून बघितला.  

“गेल्या वर्षी सुट्टीत तुझी लेक आली होती,” तो म्हणाला. “मामा, मला एकदा उडवू दे म्हणून मागे लागली होती. मी तिला पाच दिली. माझ्याच हातची.”

  दादाने खिशातून रायफलीच्या पेटीची किल्ली काढली, माझ्या पर्सची चेन उघडली आणि तिच्यात टाकली.