कंडक्टरीणबाईंची निवडणूक

पुष्पा आमच्या सोसायटीत राहायला आली तेव्हा सामान तिनं स्वतः चढवलं. नवरा भरत खालून द्यायचा, ती वर न्यायची. कपाट तेवढं दोघांनी मिळून नेलं. मी जन्मभर गवंडीकाम केलं. माणूस ओझं कसं उचलतो, तिकडं माझी नजर आधी जाते. ही बाई गुडघ्यातून उचलत होती, कमरेतून नाही. हिला कामाची सवय आहे, हे तिथंच कळलं.

पुष्पा एसटीत कंडक्टर. घाटघरच्या गाडीवर तिनं बरीच वर्षं काढली. त्या गाडीत सगळेच ओळखीचे. ओळखीच्या माणसाला तिकीट काढायचा कमीपणा वाटतो. एकदा तिची सासू गजराबाई त्याच गाडीत बसली. गजराबाईचा जन्म मेंढरामागं गेलेला. सगळी सोसायटी तिला आक्का म्हणते. ती म्हणाली, "सुनंच्या गाडीत कसलं तिकीट?"

"बायकांना अर्धं हाय आत्याबाई. ते तरी काढा."

आणि हात पुढं करून पुष्पा उभी राहिली. सासूनं पदराची गाठ सोडेपर्यंत हात खाली आला नाही. ही गोष्ट गाडीतल्या लोकांनी गावोगाव पोचवली.

आमची सोसायटी नारायणगावात. तीन इमारती. राजुरी, घाटघर, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुलांच्या शाळेसाठी आलेली माणसं. सोसायटी झाली तेव्हापासून अध्यक्ष एकच, कुंडलिकअण्णा. माणूस राबणारा. मोटार जळाली की रात्रीचं जेवण टाकून खाली यायचे. पण निवडणूक म्हणजे त्यांच्या लेखी भांडण. गेल्या खेपेला पार्किंगमध्ये सतरंजी टाकली, नारळ फोडला, "बिनविरोध" म्हणाले, झाली निवडणूक. सुदर्शन नावाचा एक घरमालक पुण्यात राहतो. त्याला नोटीसच गेली नव्हती. त्यानं तक्रार केली. निवडणूक रद्द झाली आणि सोसायटीवर प्रशासक बसला.

प्रशासक वाईट नव्हता, पण त्याच्याकडं अशा सोसायट्या पुष्कळ. त्यातच पहिल्या इमारतीवरची पाण्याची टाकी तडकली. पाणी थेट कुशाबाईच्या स्वयंपाकघरात. कुशाबाई राजुरीची. नातवंडांसाठी इथं राहते आणि रोज जीपनं जाऊन स्वतःचं रान बघते. ओट्यावर, फरशीवर, जिथं ठिबकेल तिथं तिनं पातेली मांडली होती. प्रशासक म्हणाला, एवढं मोठं काम नवी समिती आल्यावर तीच काढेल. म्हणजे निवडणूक टिकली तर टाकी. पुन्हा रद्द झाली तर पातेली.

निवडणूक लागणार असं कळताच कुंडलिकअण्णांनी जुनाच उपाय केला. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ताटात खंडोबाचा भंडार ठेवला आणि घरटी एक माणूस बोलावला. भंडार उचलायचा आणि शपथ घ्यायची, मत अण्णांना. आमच्याकडं भंडार उचलला की माणूस मागं फिरत नाही. घरोघरचे पुरुष आले, उचलून गेले. गजराबाईचा धाकटा मुलगा, ज्याच्याकडं ती राहते, तो कामावर होता. म्हणून त्या घरातून गजराबाईच आली. तिनं भंडार कपाळालाही लावला.

त्यानंतर सभा झाली. निवडणूक अधिकारी व्हायला स्वतः उभा न राहणारा सभासद हवा होता. सगळे फरशीकडं बघत बसले. पुष्पा ड्यूटीवरून आलेली, अंगावर खाकी. ती म्हणाली, "मी करते. पण नियमात लिहिलीय तशीच करीन. मधी कुणी 'चालतंय की' म्हणलं, तर मी गाडीतून उतरले."

अण्णा खूश झाले. "पुष्पा आपलीच हाय."

"गाडी सुटली की आपलं कुणी नसतं, अण्णा."

मग बाईनं काम केलं. मी बघत होतो म्हणून सांगतो. नियम वाचले. कळले नाहीत ते जुन्नरला सहकार कचेरीत जाऊन साहेबांना विचारले. परत वाचले, परत विचारले. प्रत्येक दाराला नोटीस, प्रत्येकाची सही. बाहेरगावच्या मालकांना रजिस्टर पोस्टानं. ड्यूटी संपली की तिन्ही इमारतींचे जिने. लिफ्टला गर्दी असली की थांबायची नाही, पायांनी जायची. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मत गुप्त आहे. कुणी शपथ घालू नये. दाखवलेलं मत बाद होईल.

कच्ची मतदारयादी लिफ्टशेजारी लावली. माणसं यादीसमोर उभी राहून लिफ्टची वाट बघायची. वाचत कुणी नव्हतं. पुष्पानं दारोदारी जाऊन विचारलं, "यादी वाचली का? हरकत असंल तर आत्ताच सांगा."

"वाचली, वाचली," सगळे म्हणाले.

हरकतीची मुदत संपली. पक्की यादी लागली. तेव्हा गोरख यादीपुढं थांबला. गोरख टोमॅटोची पिकअप चालवतो. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, म्हणून वाचायला सवड मिळाली. खाली-वर बोट फिरवलं आणि त्यानं हाक मारली, "ओ पुष्पाताई! माझं नाव कुठंय?"

"तुमचं न्हाई. समृद्धीचं हाय."

"तिचं कसं? घर माझं हाय!"

"कागदावर तिचं हाय. बाईच्या नावावर घेतलं म्हंजी मुद्रांक कमी लागतो, म्हणून तुमीच घेतलं ना? मला गाडीत अभिमानानं सांगत व्हता."

मग एकेक जण यादीकडं धावला. सगळ्यांनी तीच हुशारी केली होती. बहुतेक घरं बायकांच्या नावावर. माझंही नाव नव्हतं. आमचं घर आमच्या सुनेच्या, आरोहीच्या नावावर. पण यादी बरोबर होती.

गोरखनं शेवटचा प्रयत्न केला. "मी तिच्या वतीनं टाकतो की."

"तिच्या वतीनं जेवता का?"

मागं उभी असलेली समृद्धी एवढ्या मोठ्यानं हसली की तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

आता घोळ लोकांच्या ध्यानात आला. अण्णांचा भंडार ज्यांनी उचलला त्यांना मतच नव्हतं. ज्यांना मत होतं त्यांनी भंडार उचलला नव्हता. उचललेल्यात मत असलेले फार थोडे, आणि त्यांत बाई एकटी गजराबाई; धाकट्याचं घर तिच्याच नावावर.

अण्णा पुष्पाकडं आले. "यादी जरा मागं घे. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"अण्णा, सुटलेली गाडी तुमच्यासाठी मागं घेतली, तर पुढच्या स्टॉपवरची माणसं काय म्हणतील? आणि सुदर्शन परत तक्रार करील. मग कुशाबाईंच्या पातेल्यांचं काय?"

अण्णा गेले. रागात गेले, पण गेले.

यादीत नाव बघून समितीच्या जागांसाठी बऱ्याच जणांनी अर्ज भरले, कुशाबाईनंही. चिन्हं मिळाली. अण्णांना छत्री, कुशाबाईला बादली. कुशाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "अण्णा, छत्री मला द्यायची व्हती. सैपाक करताना धरली असती." अण्णांनाही हसू आलं.

मतदानाच्या दिवशी मला मत नव्हतं, हात होते. सोसायटीच्या हॉलमध्ये टोमॅटोचे रिकामे क्रेट एकावर एक रचून मी आडोसा केला. सांधे एकाआड एक घेतले, विटांसारखे, म्हणजे धक्का लागला तरी ढासळणार नाही. पुष्पानं आत जाऊन पाहिलं. बाहेरून हात दिसतो का, मला विचारलं. फटीतून थोडा दिसत होता. मी पोतं लावलं. तिनं पुन्हा पाहिलं. मग मान हलवली.

बायका सकाळी सकाळीच आल्या. ठेवणीतली लुगडी, साड्या, डोक्यात फुलं. दारात गर्दी झाली की पुष्पा जुना तिकिटाचा चिमटा टेबलावर वाजवायची. "एकेक! पुढं सरका! आत मोबाईल न्हाई!" पुरुष बाहेर पोरं सांभाळत होते. सुदर्शन पुण्याहून आला होता. हाताची घडी घालून दाराशी उभा होता.

दुपारी गजराबाई आली. आडोशाआड गेली. बाहेर आली ती मतपत्रिका दोन्ही हातांनी उंच धरून, जणू कोकरू दाखवावं तशी.

"बघा रं सगळे! छत्रीवर मारलाय शिक्का. गजरानं भंडार पाळला!"

पुष्पा उठली. सासूपाशी गेली आणि हात पुढं केला.

"द्या आत्याबाई. हे मत बाद झालं."

"बाद? का गं?"

"दाखवलंत म्हणून. तुमाला घरी येऊन सांगितलं व्हतं."

गोरख म्हणाला, "जाऊ द्या की ताई. म्हातारं माणूस हाय."

अण्णा पुढं आले. "माझंच मत हाय म्हणून म्हणत न्हाई, पण पुष्पा, सासूचा मान तरी ठेव."

सुदर्शननं हाताची घडी सोडली. हे मत पेटीत गेलं असतं तर त्याचा अर्ज सोमवारी जुन्नरला पोचला असता.

गजराबाईचे डोळे भरले. "अगं, मी शपथ घेतलीय. पाळली ती दाखवायला नगो का?"

"देवाला झाकलेलं दिसतं, आत्याबाई. दाखवायला लागतं ते माणसांना."

तिनं मतपत्रिका घेतली, मागं बाद लिहिलं, सही केली, वेगळ्या पाकिटात घातली. मग टेबलामागं जाऊन पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

गजराबाई बाहेर माझ्या उरलेल्या क्रेटवर जाऊन बसली. बराच वेळ गेला. मग एकटीच हसायला लागली.

"काय झालं आक्का?" मी विचारलं.

"काय न्हाई. घाटघरच्या गाडीत तरी अर्धं तिकीट व्हतं. हितं तेवढीबी सवलत न्हाई."

संध्याकाळी उजेडातच मोजणी झाली. दोन्ही बाजूंची माणसं समोर बसवून पुष्पा एकेक मतपत्रिका उचलून दाखवत होती. बाकीच्या जागा ठरल्या. शेवटच्या जागेला कुंडलिकअण्णा आणि कुशाबाई दोघांची मतं सारखी. पुन्हा मोजली. सारखीच.

सगळ्यांच्या मनात एकच आलं. आक्कानं कागद झाकला असता तर अण्णा निवडून आले होते.

"नियमानं चिठ्ठी टाकायची," पुष्पा म्हणाली. नावं तिनं सगळ्यांसमोर लिहिली, घड्या दोघांकडून घालून घेतल्या. उचलायला बाहेरचा माणूस पाहिजे म्हणाली. जानकू दूधवाला सायकल लावत होता, त्याला आत ओढला.

जानकू घाबरला. "ताई, दोघांकडं रतीब हाय माझा! कुणाचं दूध बंद करू?"

"डोळे मिट आणि उचल. शिव्या मला देतील."

त्यानं उचलली. कुशाबाईचं नाव निघालं.

बायकांनी ओरडा केला, तो लगेच थांबला. सगळे अण्णांकडं बघत होते. अण्णांनी तक्रार केली तर पुन्हा प्रशासक, पुन्हा पातेली. पुष्पानं दुसरी चिठ्ठी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. "बघा अण्णा, हिच्यात तुमचंच नाव हाय. आणि हरकत घ्यायची तर तुमाला हक्क हाय. अर्ज कसा करायचा ते मी सांगते."

अण्णांनी चिठ्ठी उलटसुलट केली. पाकिटाकडं पाहिलं, ज्यात आक्काचं मत होतं.

"हरकत कुणावर घेऊ?" ते म्हणाले. "जिनं माझ्यासमोर सासूचं मत बाद केलं, तिच्यावर? आक्काला भंडार मीच उचलायला लावला. आक्कानं पाळला. बुडालो मी माझ्याच भंडारानं." आणि त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली. मग सुदर्शनकडं वळले. "काय पावणं, तुमची हाय का तक्रार?"

"नाही," सुदर्शन म्हणाला. "मी चहा घ्यायला थांबलोय."

"मग पुष्पाबाई, मार की डबल बेल!"

पुष्पानं चिमटा टेबलावर दोनदा वाजवला. बायकांनी भंडार काढला. "हॉलमधी न्हाई!" ती ओरडली. "पेटीला सील लागायचंय!" सील लागलं, खोली झाडून झाली, कुलूप पडलं. मग अंगणात भंडार उधळला. पहिली मूठ गजराबाईनं सुनेच्या खाकीवर टाकली.

समितीनं लवकरच टाकीचं काम काढलं. प्लास्टर मी तपासलं, चांगलं होतं. त्याला पाणी मारायला सकाळ-संध्याकाळ कुंडलिकअण्णा वर चढतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. उतरताना कुशाबाईच्या दारात थांबतात. ती आतून ओरडते, "या अण्णा, चहा घ्या. छत्री बाहेरच ठेवा, आता गळत न्हाई."